लेकीच्या लाडक्या लेखकाला जाऊन वर्षं झाली, आता तिला सांगू कसं?

आलेलं पत्र (लांब होतं म्हणून थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

"ताई, नमस्कार. मी नागपूरची, त्रिमूर्ती नगरात राहते. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आता सातवीत जाईल. दोन उन्हाळ्यांआधी माझ्या बाबांनी तिला बर्डीवरून जुन्या पुस्तकांतलं एक जाडजूड इंग्लिश पुस्तक आणून दिलं, 'रेडवॉल' नावाचं, ब्रायन जेक्स म्हणून इंग्लंडचे लेखक आहेत त्यांचं. पहिल्या पानावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात तिचं नाव लिहिलंय. उंदीर, ससे, पाणमांजरं यांचा एक मठ आणि त्यांच्या लढाया असं काहीतरी आहे, मी वाचलेलं नाही. पोरगी पागल झाली त्यापायी, मग एकेक करत त्या सिरीजची बरीच पुस्तकं जमवली, कूलरसमोर पालथी पडून दिवसभर तेच. बाबा मागच्या वर्षी गेले. लहान आहे म्हणून आम्ही तिला तेव्हा अमरावतीला नणंदेकडे पाठवलं होतं, तेरवी झाल्यावर आणलं. ती रडली नाही, काही विचारलं पण नाही. आता सुट्टीत ती या लेखकाला पत्र लिहून राहिली आहे, पानंच्या पानं झालीत, नकाशे काढलेत, आणि माझ्या मागे लागली आहे की लिव्हरपूलचा पत्ता शोधून दे, आपण जीपीओत जाऊन पोस्ट करू. मी पत्ता शोधायला बसले तर कळलं की ते 2011 मध्येच वारले, ही जन्मायच्याही आधी. माझे मिस्टर म्हणतात सांगायचं काहून, एआयकडून त्या लेखकाच्या नावाने छान उत्तर लिहून घेऊ, प्रिंट काढू, पोरगी खूश होईल आणि चार महिन्यांत विसरेल. सासूबाई म्हणतात कोण कुठला साहेब, त्याच्यासाठी एवढं काय. मला तिला धक्का बसायची भीती वाटते. काय करू?"

ताई, तिला सांगा. शाळा सुरू झाल्यावर बघू असं नको, याच आठवड्यात सांगा, आणि ते पत्र पाकिटात जायच्या आधी सांगा, कारण आत्ता ती जिवंत माणसाला लिहून राहिली आहे आणि खरं कळल्यावर तिला त्यात काय बदलायचं, काय ठेवायचं, पत्र पुरं करायचं की नाही हे सगळं तिचं तिला ठरवता यायला पाहिजे. तुमची भीती मला कळते. पण आधी हे सांगते की बारा वर्षांची मुलगी कुणी न सांगता, मार्कांसाठी नाही, स्पर्धेसाठी नाही, पानंच्या पानं पत्र लिहून राहिली आहे हे वाचूनच मला इतकं छान वाटलं, अशी मुलं आहेत अजून आपल्या गावात, आणि तुमच्या बाबांनी बर्डीच्या त्या ढिगातून नेमकं ते पुस्तक उचललं याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार.

आता आधी एआयच्या उत्तराचं बोलते, कारण ते आजच्या आज थांबवायचं आहे. तुमच्या मिस्टरांचा हेतू चांगला आहे, बापाला पोरीच्या डोळ्यात पाणी नको असतं, त्यात चूक काय. पण तो खोटा कागद घरात आणू नका. तुमच्या मुलीच्या या लेखकाचा लहानपणीचा एक किस्सा आहे, तो मिस्टरांना जरूर सांगा. ब्रायन जेक्स दहा वर्षांचे असताना शाळेत प्राण्यांवर गोष्ट लिहायला सांगितली होती. त्यांनी मगरीचे दात साफ करणाऱ्या पक्ष्याची गोष्ट लिहिली आणि ती इतकी चांगली झाली की मास्तरांचा विश्वासच बसला नाही, दहा वर्षांचं पोर असं लिहूच शकत नाही, तू कुठून तरी उतरवली आहेस, कबूल कर. ते कबूल करेनात, कारण गोष्ट त्यांचीच होती, आणि कबूल करत नाही म्हणून त्यांनी छड्या खाल्ल्या. म्हणजे जे आपलं आहे ते आपलंच आहे म्हणून त्या पोराने मार खाल्ला पण खोटं बोलला नाही, आणि आपण आता त्याच्याच नावाखाली, त्याने न लिहिलेलं पत्र त्याच्याच लाडक्या वाचकाच्या हातात द्यायचं? मला हे पटत नाही, आणि मला वाटतं हा किस्सा ऐकल्यावर मिस्टरांनाही पटणार नाही.

दुसरं म्हणजे ते टिकणार पण नाही हो. पोरगी आज ना उद्या स्वतः सर्च करेल, आणि त्या लेखकाचं नाव टाकलं की पहिल्याच ओळीत 1939 ते 2011 असं येतं. तोवर ते खोटं पत्र तिने शाळेत नेलेलं असेल, मैत्रिणींना दाखवलेलं असेल, उशीखाली ठेवून झोपलेली असेल. मग तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळतील, लेखक नाहीत आणि वडिलांनी फसवलं, आणि त्यातली पहिली गोष्ट ती पचवेल पण दुसरी पचवायला खूप वर्षं लागतात. आणि "चार महिन्यांत विसरेल" हे तर होणारच नाही. ज्या मुलीला नकाशे काढावेसे वाटतात ती विसरत नसते.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कोण कुठला साहेब, तर सांगू या ना त्यांना कोण कुठला. ब्रायन जेक्स लिव्हरपूलचे, तिथल्या गोदीच्या भागातले, 15 जून 1939 चा जन्म. वडील ट्रक चालवायचे. पंधराव्या वर्षी शाळा सोडून जहाजावर नोकरीला लागले, नंतर गोदीत काम केलं, ट्रक चालवला, पोलिसात होते, पोस्टात होते, रंगमंचावर लोकांना हसवायची कामं केली, पुढे लिव्हरपूलच्या रेडिओवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम होता. आणि मधल्या काळात ते गाडीवरून घरोघरी दूध पोचवायचे. त्या दुधाच्या रूटवर एक अंध मुलांची शाळा होती, रॉयल स्कूल फॉर द ब्लाइंड. तिथे दूध द्यायला जाता जाता ते मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला लागले, आणि वाचताना त्यांच्या लक्षात आलं की मुलांसाठी म्हणून जी पुस्तकं तिथे आहेत त्यात सगळी रडगाणी आणि कटकटी, लहानपणी वाचल्या तशा जादूच्या, शूर माणसांच्या, पोटभर मजेच्या गोष्टी नाहीतच. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. या मुलांना दिसत नाही तर त्यांना शब्दांतून दिसलं पाहिजे म्हणून प्रत्येक गोष्टीचा रंग, वास, आवाज, चव त्यात आली. छापायचा विचारही नव्हता. त्यांचे जुने शिक्षक ॲलन डरबंड यांनी ते वाचलं आणि त्यांना न विचारता प्रकाशकाला नेऊन दाखवलं, आणि 1986 मध्ये 'रेडवॉल' आलं. पुढे त्या मालिकेची एकूण 22 पुस्तकं झाली आणि 2005 मध्ये पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या या माणसाला लिव्हरपूल विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. 5 फेब्रुवारी 2011 ला ते गेले, हृदयाचं दुखणं होतं, वय 71.

हे सगळं सासूबाईंना असंच सांगा, दुधाचा रूट आणि अंध मुलांची शाळा इथपर्यंत आल्यावर त्या "कोण कुठला" म्हणणार नाहीत अशी माझी खात्री आहे. आपल्या पिढीची मुलं भा. रा. भागवतांवर वाढली, ते 2001 मध्ये गेले, आणि आजही पन्नाशीतली माणसं भेटल्या भेटल्या फास्टर फेणेसारखं "ट्टॉक्" करतात आणि दोघांचेही चेहरे उजळतात. त्यांच्यासाठी कुणाला वाईट वाटलं तर आपण कोण कुठले म्हणत नाही ना. तुमच्या मुलीचे भागवत लिव्हरपूलला राहत होते, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्ट, धक्का. ताई, तुम्ही ती पुस्तकं वाचलेली नाहीत म्हणून तुम्हाला वाटतंय की मरण ही गोष्ट तुम्ही तिला पहिल्यांदा सांगणार आहात. तसं नाहीये. रेडवॉलच्या पहिल्याच पुस्तकात जो सगळ्यात मोठा वीर आहे, मार्टिन नावाचा उंदीर, तो गोष्ट सुरू व्हायच्या कितीतरी पिढ्या आधी मेलेला आहे. मठाच्या मोठ्या दालनात भिंतीवर विणलेला एक पडदा लटकतो त्यात त्याचं चित्र आहे, बस. आणि मॅथायस नावाचा एक धांदरट, मोठाल्या सँडलमध्ये अडखळणारा छोटा उंदीर त्या चित्रासमोर उभा राहतो, मार्टिन त्याच्या स्वप्नात येतो, आणि पूर्ण पुस्तकभर तो पोरगा मार्टिनची तलवार शोधत फिरतो आणि त्या शोधात स्वतःच शूर होतो. मठाचे म्हातारे प्रमुख, सगळ्यांना जीव लावणारे, पुस्तकाच्या शेवटी जातात. सगळे त्यांच्याभोवती जमतात, ते एकेकाशी बोलतात, माझ्यानंतर कोण ते सांगतात आणि जातात. कुणाला बाहेर पाठवत नाहीत, लहान पिल्लांपासून लपवत नाहीत. नंतरच्या पुस्तकांतही आवडती पात्रं मरतात, मुलं रडतात, आणि मग मठात पुढचा हंगाम येतो, बागेत फळं धरतात, घंटा वाजते, जेवणाच्या पंगती बसतात.

म्हणजे बघा, दोन वर्षं तुमची मुलगी जे वाचून राहिली आहे त्यात गेलेल्या माणसासोबत कसं राहायचं हेच तर आहे. तिला हे येतं. तिच्या लाडक्या लेखकानेच तिला ते शिकवून ठेवलंय. तुम्ही फक्त खरं सांगायचं आहे, बाकीची तयारी तो माणूस करून गेलाय.

मी बरीच वर्षं एका शाळेची लायब्ररी सांभाळली. आमच्याकडे 'रेडवॉल'ची एकच कॉपी होती, कणा खाकी टेपने चिकटवलेला, आणि त्यात जिथे जिथे मेजवानीचं वर्णन आहे त्या पानांवर हमखास पिवळे डाग असायचे, पोरं डबा खाता खाता तीच पानं उघडून बसायची ना. फेब्रुवारी 2011 मध्ये सगळ्या शाळेचं लक्ष जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमकडे होतं, वर्ल्ड कपच्या मॅचेस होणार होत्या, आणि त्या गडबडीत मी एका सहावीच्या पोराला सांगितलं की तुझे लेखक गेले रे. तो काउंटरला हनुवटी टेकवून उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मॅडम, मग पुढचं पुस्तक कोण लिहील?" मला आधी वाटलं याला कळलंच नाही, पण त्याला बरोबर कळलं होतं, मुलं मरणाबद्दल असंच विचारतात, आता अमुक कोण करेल, तमुक कुठे जाईल. मी त्याला सांगितलं की एक पुस्तक ते लिहून गेलेत, ते यायचंय अजून. आणि खरंच मालिकेतलं बाविसावं पुस्तक त्यांच्या जाण्यानंतर, त्याच वर्षी मे महिन्यात आलं. "मग आपल्याकडे येईल ना?" हा त्याचा दुसरा प्रश्न. त्यानंतर तो गेला, शेल्फवरून तेच फाटकं पुस्तक काढलं आणि खाली फरशीवर बसून वाचायला लागला, मधली सुट्टी संपल्याची बेल झाली तरी उठेना, मी पण उठवलं नाही.

तुमची मुलगी पण असंच काहीतरी विचारेल. कदाचित विचारेल की तुला कधीपासून माहीत होतं. खरं सांगा, पत्ता शोधताना कळलं आणि कसं सांगावं कळेना म्हणून थोडे दिवस गेले. कदाचित चिडेल, म्हणेल मग मी एवढं लिहिलं ते फुकट गेलं का. त्यावर लगेच समजावत बसू नका, तिला चिडू द्या.

सांगायचं कसं म्हणाल तर दोघींनीच बसा, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, सकाळची वेळ बरी कारण रात्री सांगितलं की पोरं अंधारात एकटी विचार करत पडतात. फिरवून फिरवून बोलू नका. "देवाघरी गेले", "आता ते आपल्यात नाहीत", "तारा झाले" असलं काही नको, बारा वर्षांच्या मुलीला त्याचा अपमान वाटतो. सरळ म्हणा की तू ज्यांना पत्र लिहून राहिली आहेस ते ब्रायन जेक्स 2011 मध्ये वारले, तू जन्मायच्या आधी, मला पत्ता शोधताना कळलं आणि मला पण वाईट वाटलं. मग गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही, आपण लगेच "पण बघ त्यांची पुस्तकं तर आहेत ना" करून मलमपट्टी करायला धावतो. थोडं थांबा. तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या.

आणि आता तुमच्या बाबांचं. ताई, हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही, आपल्या सगळ्यांच्या घरात हेच होतं, कुणी गेलं की लहान मुलं काकाकडे, आत्याकडे, आणि तेरवीनंतर परत, त्यामागे मायाच असते. पण तुमची मुलगी तेव्हा अमरावतीला होती. ज्या आजोबांनी तिला ते पुस्तक आणून दिलं त्यांना तिने जाताना पाहिलं नाही, तिच्यासमोर कुणी रडलं नाही, ती परत आली तेव्हा घर आवरलेलं आणि सगळे नॉर्मल. मग ती रडेल कुणासमोर आणि विचारेल काय? मला असं वाटतं, आणि हे मी खूप मुलं बघून म्हणते, की लेखकाचं ऐकून ती रडली तर त्यात आजोबा पण असतील. तिने आजोबांनी दिलेल्या पुस्तकाच्या लेखकाला पत्र लिहायला घेतलं ते आजोबा गेल्यावर, हे पण लक्षात घ्या. त्या पत्रात आजोबांचा उल्लेख असणारच, मला तर वाटतं पहिल्या पानावरच असेल, हे पुस्तक मला माझ्या आजोबांनी दिलं म्हणून. तुम्ही ते पत्र तिला न विचारता वाचू नका हं, तिने दाखवलं तर वाचा.

एक वाक्य मात्र चुकूनही बोलू नका, ते म्हणजे "आजोबा गेले तेव्हा रडली नाहीस आणि या परक्या माणसासाठी रडतेस?" घरात दुसरं कुणी म्हणणार असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. ते वाक्य पोरीच्या मनात आयुष्यभर रुतून बसेल. त्याऐवजी ती शांत झाली की, त्याच दिवशी किंवा दोन दिवसांनी, तुम्ही स्वतः विषय काढा, की आजोबा गेले तेव्हा आम्ही तुला लांब पाठवलं होतं, तुला काही विचारायचं असेल तर विचार, मी सगळं सांगेन. आणि मग खरंच सगळं सांगा. कोणत्या हॉस्पिटलमध्ये होते, शेवटी काय बोलले, कोण कोण होतं, घाटावर काय केलं. ती मठाच्या त्या म्हाताऱ्या प्रमुखांचं मरण पानापानाने वाचून बसली आहे, तिला तिच्या स्वतःच्या आजोबांचं तेवढं तरी कळायला पाहिजे.

तुम्ही ते पुस्तक वाचा. हा सल्ला मी सगळ्यात कळकळीने देते. इंग्लिश जड वाटलं तर तिलाच सोबत घेऊन वाचा, ती मोलची (जमिनीत बिळं करून राहणारा छोटा प्राणी) बोली करून दाखवेल, त्या पुस्तकांतले मोल एकदम गावरान बोलतात आणि वाचणाऱ्या पोरांना ते मोठ्याने वाचायला फार आवडतं. बाबांच्या अक्षरातलं तिचं नाव असलेली तीच प्रत घ्या.

पत्राचं काय करायचं हे तीच ठरवेल, पण तिला मार्ग माहीत असू द्या. लेखक गेले म्हणून पत्र लिहिता येत नाही असं कुठे आहे, पुरं करून ती ते जपून ठेवू शकते, त्या पुस्तकातच ठेवू शकते. किंवा पाठवायचंच असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, तिथे पाठवता येईल, फक्त उत्तर येईलच असं नाही हे आधी सांगा. तिला जीपीओत जायचंय तर न्या ना, ती सिव्हिल लाइन्सची इमारतच अशी आहे की तिथून परदेशात पत्र टाकताना पोरीला आपण काहीतरी मोठं केलं असं वाटेल.

अजून एक गोष्ट तिला बहुतेक माहीत नसेल. जेक्सनी त्यांच्या बऱ्याच पुस्तकांची ऑडिओबुकं स्वतः केली आहेत, निवेदन त्यांचं आणि पात्रांचे आवाज वेगवेगळ्या कलाकारांचे. रेडिओवरचा माणूस, त्यात लोकांना हसवायचा धंदा केलेला, आवाज काय असेल विचार करा. उत्तर नाही आलं तरी आवाज ऐकता येईल. पण हे पहिल्याच दिवशी पुढे करू नका, थोडे दिवस जाऊ द्या, तिने विचारलं की ते कसे होते म्हणून, तेव्हा लावा.

आणि तिला काही करायचं असेल, मुलांना वाईट वाटलं की हातांना काम लागतं, तर वाचून दाखवणं हे काम आहे. हे पुस्तक अंध मुलांना वाचून दाखवायलाच लिहिलं होतं. अंध विद्यालय आपल्या नागपुरातही आहे. शाळा उघडल्यावर तुम्ही स्वतः तिथे जाऊन भेटा, परवानगी विचारा, वेळ विचारा, मुलांना कोणत्या भाषेत ऐकायला आवडेल ते विचारा, इंग्लिश नको असेल तर ती आधी घरी बसून एक प्रकरण मराठीत सांगायची तयारी करेल, वऱ्हाडी बोलणारा मोल तर काय भारी वाटेल ऐकायला. तिच्यावर लादू नका, फक्त दुधाच्या रूटची गोष्ट सांगा, बहुतेक ती आपणहून म्हणेल.

जेक्स गेल्यावर त्यांच्या वाचकांनी त्यांना कसं आठवलं ते बघितलं तर एक गोष्ट परत परत येते, जेवण. युद्धाच्या काळात रेशनवर वाढलेलं पोर ते, खाण्याची वर्णनं अशी लिहिली की वाचून भूक लागते. मोलांची आवडती ती बीट, आलू आणि सलगमची 'पाय' (पारीत सारण भरून भाजतात ती), पाणमांजरांचं झणझणीत झिंग्यांचं सूप, चीज, बेरीची सरबतं, आणि मोठ्या टेबलावर उंदरापासून बॅजरपर्यंत सगळे एकत्र जेवायला. मोठी झालेली माणसं, नोकऱ्या करणारी, लेकरं असलेली, त्यांना लढाया धूसर आठवतात पण पंगती जशाच्या तशा आठवतात.

म्हणून माझं एक सुचवणं आहे. 15 जूनला त्यांचा वाढदिवस असतो आणि आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे त्या दिवशी पोरगी घरीच आहे. घरी पंगत करा. तिच्या मैत्रिणींना बोलवा, वाचलेलं असो नसो. सासूबाईंना रोडगे आणि वांग्याची भाजी करायला सांगा, इतकं रेडवॉलला शोभणारं जेवण विदर्भात दुसरं नाही, शेणीच्या आरावर भाजलेले रोडगे, वरून तुपाची धार, मोठ्या गंजात भाजी आणि सगळे खाली बसून. अंगण नसेल तर ओव्हनमध्ये नाहीतर कढईत भाजा, चालतं. तुमच्या बाबांना काय आवडायचं तेही एक ताटात असू द्या. जेवताना पोरीला तिच्या आवडीचं एक पान मोठ्याने वाचू द्या, आणि आजीला समजावं म्हणून मधे मधे मराठीत सांगू द्या.

मिस्टरांना पोरीसाठी काहीतरी करायचंच आहे तर त्या पायचं काम त्यांच्याकडे द्या. सकाळी लवकर कॉटन मार्केटला जाऊन बीट आणि आलू आणायचे, उकडायचे, मिरेपूड आणि थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून मैद्याच्या पारीत भरायचं. जूनमध्ये सलगम काही मिळणार नाही, गाजर घाला, पण घालण्याआधी पोरीला विचारा.